पडजिभेमागची वाट

२ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक कुकर आणि आईने विणलेली शाल, एवढा संसार घेऊन येऊन पडले आहे. खोली कारखान्याच्या बरोबर वर. कामावर जायचं तर जिना उतरायचा, घरी यायचं तर जिना चढायचा. वाटेत कुणाशी भांडायचीसुद्धा सोय नाही. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते. भिंतीवर एक मांजर बसतं. त्याने माझ्याकडे बघून जांभई दिली, म्हणजे शेजारपाजारची ओळख झाली.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. शाळा-कॉलेजांत शरीर शिकवायला जी मॉडेलं लागतात, ती इथे होतात. फळ्यांवर हृदयं, कान, मूत्रपिंडं ओळीने मांडलेली. माझ्या वाट्याला नाक आणि तोंड आलं आहे. घरच्यांना हे कळल्यावर सगळे पोट धरून हसले, कारण माझं नाक सगळीकडे खुपसलेलं असतं आणि तोंड कधी मिटत नाही. भाऊ तर मला लहानपणापासून भोंगाच म्हणतो. त्याला मी इतक्या थापा मारल्या आहेत की आता खरं सांगितलं तरी तो आधी हसून घेतो.

मालकांना सगळे काका म्हणतात. सगळे म्हणजे मी. दुसरं इथे कोणी नाही. काका दिवसाला दहा शब्द बोलत असतील, आणि त्यातले सहा खडूच्या भुकटीला शिव्या असतात. सारखं नाक पुसतात, म्हणतात खडूच्या वासाने जीव नकोसा झालाय. मी सगळीकडे बघितलं. इथे प्लास्टर आहे, सिलिकॉन आहे, रंग आहेत. खडूचा तुकडासुद्धा नाही. वय झालं, दुसरं काय.

मोबाइलला वरच्या खोलीत रेंजची एखादी काडी येते, खाली तीही नाही. पण खाली टेबलावर जुना फोन आहे. आमचे हात सदा प्लास्टरमध्ये असतात म्हणून काकांनी तो असा करून घेतला आहे की घंटा वाजली की फोन आपोआप उचलला जातो आणि पलीकडचं माणूस मोठ्याने ऐकू येतं. आईला तो नंबर दिला. तिला दिसत नाही, पण फोनची बटणं तिच्या बोटांना पाठ आहेत. पोचल्याचं कळवलं, तर पहिला प्रश्न हा की खिडकीला फट आहे का. तिच्या मते जगातली सगळी दुखणी वारं लागल्याने होतात. घरात एक भोक दिसू देत नाही. म्हणजे हाताला लागू देत नाही. लगेच कापूस. माझ्या बॅगेतही तिने कापसाचा गुंडा कोंबून दिला आहे. मी फट बुजवली म्हणून सांगितलं आणि कापूस उशीखाली ठेवून दिला.

५ नोव्हेंबर

माणूस रोज आरशात बघतो आणि त्याला स्वतःच्या नाकाचा पत्ता नसतो. बाहेर दिसतं तो नुसता ओटा. घर आत आहे, चांगलं घशापर्यंत. मधोमध उभा पडदा, आणि दोन्हीकडच्या भिंतींवर एकाखाली एक अशा तीन घड्या. हवा त्या घड्यांना घासत आत जाते आणि घशाशी पोचेपर्यंत ऊन आणि ओली होते. केस धूळ अडवतात, उरलीसुरली शेंबूड पकडतो; त्या बिचाऱ्याला आपण उगाच नावं ठेवतो. वास कळायची जागा पार वर छताला, बोटाच्या पेराएवढी. आणि दोन्ही नाकपुड्या एकदम राबत नाहीत बरं का. थोडा वेळ एक जोरात चालते, दुसरी निवांत, मग पाळी बदलते.

खाली टाळू. तोंडाचं छप्पर तीच नाकाची जमीन. वरच्या मजल्यावर एक बिऱ्हाड, खाली दुसरं, आणि मागे दोघांचा जिना एकच. त्या जिन्याच्या तोंडाशी पडजीभ लोंबते. गिळताना टाळूचा मऊ भाग पडजिभेसकट वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो, म्हणून चहा नाकातून बाहेर येत नाही. मध्येच कोणी हसवलं तर येतो. भावाला विचारा.

हे सगळं काका असं सुरेख घडवतात की बघत राहावं. फक्त एक गोष्ट मला खटकली. पडजिभेच्या मागे, जिथे नाकाची वाट घशात उतरते, तिथे ते भोक पाडत नाहीत. नुसता काळा रंग मारतात. गळ्याचंही तसंच. मी विचारलं, तर म्हणाले की या कारखान्यात भोकं रंगवायची, पाडायची नाहीत. का, म्हटलं, तर म्हणाले धूळ जाते, किडे जातात. मला तो आळस वाटला. इतकं नाजूक काम करायचं आणि शेवटी काळं फासायचं!

९ नोव्हेंबर

काका गेले. मुलीकडे राहून डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार, महिना तरी लागेल. एका मोठ्या कॉलेजचं काम आलं आहे, ते माझ्यावर सोपवलं. बाईचा चेहरा हवा, पुढून पूर्ण, बिजागरीवर दारासारखा उघडणारा, आणि आत सगळं खऱ्यासारखं. चेहरा कुणाचा घ्यायचा? इथे बाई मी एकटी. मग निघण्याआधी काकांनी माझ्याच तोंडाचा साचा घेतला. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवून सगळा चेहरा थंडगार लगद्याने लिंपला. दातांचे डॉक्टर घेतात तसा ट्रे घालून जबड्याचा साचाही झाला. इतका वेळ मी गप्प बसले होते, हे आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

जाताना दारात काकांनी मला परत बजावलं की भोकं रंगवायची. हो हो म्हटलं. मग गाडी गेली आणि एवढ्या मोठ्या जागेत मी आणि फळीवरची मूत्रपिंडं उरलो.

१३ नोव्हेंबर

चेहरा ओतून झाला. सिलिकॉन मऊ आहे, दाबलं की गालासारखं दबतं आणि परत वर येतं. आरशात न बघता स्वतःचं नाक समोरून बघणं मोठं गमतीचं आहे. एवढं फेंदारलेलं आहे हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर माझी शाल पांघरली आहे. ‘तिच्यावर’ लिहिलं बघा.

लिहायला लाज वाटते, पण मी तिच्याशी बोलते. काय करणार? दुकानदार पिशवी हातात देतो आणि दुसऱ्याकडे बघायला लागतो. मांजरसुद्धा चार दिवस आलेलं नाही. रविवारी माझ्याच लक्षात आलं की सकाळपासून तोंडातून ब्र निघालेला नाही. माझ्या! मग खाली उतरले आणि हातात कोरणी घेऊन तिला सगळं सांगत बसले. की मला इथे करमत नाही. की कुकरची एक शिट्टी होते आणि तेवढ्यात माझं जेवण होतं, कारण एकटीचं ते किती असणार. की आई इथे असती तर बरं झालं असतं.

आईला हे सांगत नाही. दुपारी तिचा फोन येतो तेव्हा मी नुसती धमाल सांगते. शेजारी छान आहेत, काका बोलके आहेत, इतकं खाते की जाड झाले. मी चौदा वर्षांची असताना तिची नजर गेली. तिने माझा मोठेपणीचा चेहरा बघितलेला नाही. तिच्या लेखी मी म्हणजे माझा आवाज. तो जरा पडला तर तिला रात्रभर झोप नाही, म्हणून मी तो पडू देत नाही.

१७ नोव्हेंबर

पाडली भोकं!

काळ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि मनच होईना. सगळं इतकं हुबेहूब झालं आहे. जिभेवरचे दाणे, गालाच्या आतल्या बाजूला लाळ येते ते बारीक टोक, सगळं. मग बारीक ड्रिल लावलं आणि नाकाच्या दोन्ही वाटा मागे घशात उघडल्या. तिथेच दोन्ही अंगांना कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची तोंडं असतात, बोरीच्या बीएवढीसुद्धा नाहीत, तीही पाडली. मॉडेल मानेपाशीच संपतं, म्हणून गळा मागच्या बाजूने आरपार बाहेर काढला. आता नाक काय, तोंड काय, दोन्ही वाटा एकाच गळ्यात येतात, तुमच्या-माझ्यासारख्या.

शेवटी मानेमागच्या भोकाशी बोट धरलं. वारा लागला. समोरची खिडकी उघडी होती, त्याचाच असणार. पण ऊन वाटला, जरा दमट. घड्यांचं काम चोख झालं म्हणायचं. स्वतःच स्वतःची पाठ थोपटली, दुसरं आहे कोण! मग कोरणी हातात घेऊन करमत नाही, एकटीने जेवण जात नाही, आई इथे हवी, हे रोजचं रडगाणं तिला परत ऐकवलं.

२० नोव्हेंबर

वास येत नाही. सर्दी नाही, शिंक नाही, काही नाही. दूध उतू गेलं, जळलं, धूर झाला तेव्हा डोळ्यांना कळलं. नाक ढिम्म. जेवणाचीही माती झाली. जिभेला नुसतं गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळतं, बाकी सगळी चव नाकाची असते हे मी आठवडाभर कोरत बसले होते. आता स्वतः भोगते आहे.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दिवा लावून आत बघितलं. म्हणाले सगळं जागच्या जागी आहे, सूज नाही. फक्त आत फार कोरडं आहे, बरेच दिवस वापर नसल्यासारखं. वापर नसल्यासारखं! मी विचारलं, मग मी श्वास कुठून घेते? ते हसले. मीही हसले.

२३ नोव्हेंबर

वास येतो. पण इथला नाही.

वर कांदा चिरत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि नाकात सिलिकॉन आणि लोकर. माझी शाल. खाली जाऊन तिच्यावरची शाल काढली तर लोकरीचा वास गेला. परत घातली, परत आला. कांदा खाली नेऊन तिच्या नाकाशी धरला, आणि कांद्याचा इतका झणझणीत वास आला की मला शिंक आली. शिंक मला आली. थेंब मात्र तिच्या ओठांवर होते.

छोटा आरसा तिच्या नाकाखाली धरला. डावीकडे मोठा धुरकट ठिपका, उजवीकडे लहान. संध्याकाळी परत धरला. पाळी बदलली होती.

२५ नोव्हेंबर

काकांचा फोन आला. ऑपरेशन झालंय, डोळ्यांवर पट्टी आहे. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की भोकं पाडलीस का. मी हो म्हणाले.

मग काका पहिल्यांदाच भरभर बोलले. त्यांनीही तरुणपणी हौसेने एक नाक आरपार केलं होतं. नुसतंच नाक, तोंड नव्हतं, म्हणून वाचले. ते कुठल्याशा शाळेला विकलं गेलं. कुठल्या ते आता कुणाला माहीत नाही. तिथे फळ्याशेजारच्या कपाटात ते असणार, कारण तेव्हापासून त्यांना फक्त खडूचा वास येतो. लग्नात, बाळंतिणीच्या खोलीत, बायको गेली त्या दिवशी, खडू. मी विचारलं, तोंड असलेलं मॉडेल असेल तर काय? ते म्हणाले त्यांना माहीत नाही. भोक बुजवू नकोस एवढं मात्र तीनदा म्हणाले. पट्टी सुटली की येतो म्हणाले.

मला राग आला. एवढं माहीत होतं तर धूळ आणि किडे कशाला सांगत बसले? मी ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

२६ नोव्हेंबर

बुजवलं. मी कसली ऐकते!

प्लास्टर कालवलं आणि मानेमागच्या भोकात बोटाने दाबलं. आणि हवा संपली. अशी की नाकातून नाही, तोंडातून नाही. तोंड वासून उभी होते, छाती वर-खाली होत होती, आत काही जात नव्हतं. डोळ्यांपुढे काळं आलं. ओलं होतं म्हणून वाचले. नखांनी, चमच्याने, हाताला लागेल त्याने उकरलं. पहिला श्वास आला तेव्हा त्याला प्लास्टरची चव होती.

माझ्या आडदांडपणाने चमचा तिच्या नाकपुडीला लागला होता. एवढासा चरा. माझ्या नाकातून रक्त आलं.

म्हणजे फोडायची नाही. कपाटात कोंडायची नाही. खरंच तोंडचं पाणी पळालं आहे. जीभ टाळूला चिकटते, आणि तिच्या हनुवटीवरून लाळेचा थेंब ओघळतो. मी तो पुसते. न पुसून कसं चालेल, हनुवटी माझीच आहे.

२८ नोव्हेंबर

आवाज बसतो आहे. आधी म आणि न गेले. ती अक्षरं नाकातून गुंजतात, आणि नाक तर खाली आहे. आता बाकीचेही विरत चालले आहेत. आरशासमोर तोंड हलवते, नुसती हवा. दुकानात बोटाने दाखवून पाव घेतला. दुकानदाराला काही फरक वाटला नाही.

दुपारी आईचा फोन. धावत खाली गेले. घंटा वाजली, फोन उचलला गेला, आईने हाक मारली. मी तोंड उघडलं. आणि शालीखालून माझा आवाज ओ म्हणाला.

माझाच. खणखणीत, आईला आवडतो तसा. पण धमाल नाही सांगितली. म्हणाली की मला करमत नाही, आई. एकटीने जेवण जात नाही. तू इथे ये ना.

माझीच वाक्यं. कोरणी हातात घेऊन मी सांगितलेली, शब्दन् शब्द. नळ्यांची तोंडं मीच पाडली होती ना. तिला ऐकू येत होतं सगळं —

आई रडली. म्हणाली वेडाबाई, इतके दिवस का नाही बोललीस. म्हणाली येते.

२९ नोव्हेंबर

वर जाऊन, मोबाइल खिडकीबाहेर धरून भावाला मेसेज केला. आईला पाठवू नकोस. मी आजारी आहे. फोनवर बोलते ती मी नाही.

त्याचं उत्तर आलं. हसणारी तोंडं ओळीने. आत्ताच तुझ्याशी बोललो, चांगली ठणठणीत आहेस, अजून थापा मारायची खोड गेली नाही का. ओळखीच्या माणसाची गाडी आहे, आईला दारात सोडेल. भोंग्या, तिची काळजी घे.

परत लिहिलं. शपथ घातली. परत हसणारी तोंडं.

३० नोव्हेंबर

फोनची वायर उपटली. उशीर झाला. ते सगळं आधीच ठरवून बसलेत.

ती आता फोनशिवायही बोलते. दिवसभर आईला हाका मारते. मला वर ऐकू येतं. तिचा राग येत नाही, हेच भयंकर आहे. तीही एकटीच —

तिला उचलायला गेले. उचलवेना. दार कारखान्यातूनच आहे. दुसरी वाट नाही.

२ डिसेंबर

आज येणार आई.

ठरवलंय. ड्रायव्हरला हे पान दाखवायचं. “हिला आत नेऊ नका, परत घेऊन जा.” मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय मागच्या बाजूला. आई वाचू शकत नाही. तो वाचेल.

गाडीचा आवाज —

*

गेला. ड्रायव्हर घाईत होता. ती आतून गोड बोलली, ये आई, दार उघडंच आहे, आणि त्याने आईला खुर्चीत बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि गेला. मी जिन्यावरून धावले, पान हलवत, पण गाडी वळली —

आईचा हात धरला. माझे हात प्लास्टरने फुटलेत, नखं तुटलीत. दचकली. विचारलं, कोण? मी तोंड उघडलं. काही नाही. नुसती हवा. तिने माझ्या आवाजात सांगितलं, घाबरू नकोस, कामवाली आहे, मुकी आहे.

आई म्हणाली, बिचारी. माझ्या हातावर थोपटलं. मग हात सोडवून घेतला —

परत धरला. या वेळी आई ओरडली.

पायरीवर बसलेय. लिहितेय. दुसरं काय येतं मला आता —

आईने शाल चाचपली. स्वतःची वीण ओळखली, हसली. मग चेहरा. कपाळ, नाक, ओठ. म्हणाली मोठी झालीस गं. किती गार पडलीयेस. माझ्या ओठांवर तिची बोटं कळतायत, इथे, पायरीवर —

डबा उघडला. घास भरवतेय. तिला.

गोड. इतक्या दिवसांनी — आईच्या हातचं —

मी रडतेय. हुंदका तिकडून येतोय. आई तिला कुशीत घेतेय, शालीवरून हात, मानेवरून —

थांबली.

म्हणतेय किती वारं लागतंय इथून तुला, बाळा. तरी मी सांगत होते. पिशवीत चाचपडतेय —

कापूस

नको आई

आई मी इकडे आहे मी इक